खुर्चीची खालची बाजू

गल्लीत त्यांना सगळे वहिनीच म्हणत. नवरा गेल्यावर वेताच्या खुर्च्यांचं दुकान धाकट्या दिराकडे गेलं आणि विणकाम वहिनींकडे राहिलं. म्हणजे गल्ला पुढे, घाम मागे. मागच्या खोलीत वेत भिजवायचं पिंप, एक बल्ब आणि त्या. एवढंच उरलं होतं, पण तिथे त्यांच्यावर कुणाचा हुकूम चालत नसे.

दिरानं दुकानाची वेबसाइट काढली आणि फोटो चढवायचं काम, अर्थातच, वहिनींच्या गळ्यात मारलं.

"सोपं आहे हो. फोन वायरीनं कॉम्प्युटरला जोडा, नाहीतर फोनवरूनच टाका. फोटो जड झाला तर आधी लहान करून घ्या."

वहिनींच्या नाकी नऊ आले. फोटो अर्ध्यावर अडकत, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी जमलं तेव्हा त्या एकट्याच हसल्या.

दुसऱ्या दिवशी दिरानं कपाळावर हात मारून घेतला. वेबसाइटवर सगळ्या खुर्च्या पालथ्या!

"वहिनी, खुर्ची पालथी घालून कोण बसतं?"

"भाऊजी, वरून सगळ्याच गोड दिसतात. काम खालून कळतं. गाठी कशा मारल्यात ते बघूनच लोक खुर्ची घेतात."

"घेत होते. बाबांच्या वेळी."

मग त्यांनी वरून फोटो काढले, खिडकीशी, सकाळच्या उजेडात, जीव ओतून. सुरेख आले. ऑर्डरी वाढल्या, पण दीर त्या नुसत्या लिहून ठेवी आणि मागच्या खोलीतलं काम कमी होत गेलं. वहिनींना वाटलं, दीर आपल्याला जरा विसावा देतोय. भोळेपणा, दुसरं काय!

एक दिवस दारात टेम्पो लागला. कारखान्यातल्या खुर्च्या उतरल्या, प्लास्टिकच्या वेताच्या. वहिनींनी एक पालथी केली. गाठ एकही नाही, नुसत्या पिना ठोकलेल्या.

"आणि वेबसाइटवर फोटो माझ्या खुर्च्यांचे?"

"फोटो दुकानाचे आहेत, वहिनी. लोकांना हा माल चालला, की तुमची खोलीही लागेल मला. ठेवायला जागा नको?"

वहिनी भांडल्या नाहीत. या घरात भांडून काय मिळतं, ते त्यांना लग्नापासून ठाऊक होतं. त्यांनी पिनांचा जवळून, स्वच्छ फोटो काढला आणि वेबसाइटवर आपल्या प्रत्येक खुर्चीच्या फोटोखाली तोच चढवला. आता बघतीलच लोक. येतील आणि भाऊजींची चांगली खरडपट्टी काढतील, मग खोलीचं नाव काढायची हिंमत व्हायची नाही त्यांची.

दिरानं फोटो पाहिला, खांदे उडवले आणि तसाच राहू दिला. तेव्हाच वहिनींनी ओळखायला हवं होतं.

काही दिवसांनी पिनांच्या फोटोखाली पहिला निरोप आला. वहिनींनी तो लगेच उघडला.

"छान आहे. हीच जरा गडद रंगात मिळेल का?"

वहिनींनी पिंपातलं पाणी मोरीत ओतलं आणि खोली रिकामी करायला घेतली.