कंपाउंडरकाका आणि सात खूनकथा

जेवणातल्या मिठाबद्दल बोलावं, इतक्या सहज कंपाउंडरकाका खुनाबद्दल बोलत. सरकारी दवाखान्यात शवविच्छेदनाच्या टेबलाशी त्यांची सारी नोकरी सरली होती. आचऱ्याच्या वाचनालयात रविवारी दुपारी आम्ही पाचसहा जण जमायचो, सगळे एकाच विज्ञानकथा लेखकाचे चाहते. आम्ही यंत्रमानवांवर आणि परग्रहांवर वाद घालायचो. काका मात्र पिशवीतून जुने दिवाळी अंक काढायचे. त्याच लेखकाच्या, कुणी फारशा न वाचलेल्या सात खूनकथा त्यांत होत्या.

“तुमच्या यानात माणसां नुसती नाहीशी होतत,” ते म्हणायचे. “हय मेलेल्याक कोणतरी विचारता, तुका कोणी मारल्यान.”

कथेतली जखम चुकली की ते थांबवायचे. कवटी कशी फुटते, रक्त आधी कुठून येतं, हे चहा पिता पिता सांगायचे. एकदा देवबागचा आमचा एक मित्र म्हणाला, कोयत्याच्या एका घावात माणूस मेला, हे लेखकानं झकास रंगवलंय. काकांनी कप खाली ठेवला.

“एका घावात मरणा नाय. माझो भाऊस चार घावांनी मेलो.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. काजूच्या बागेच्या हद्दीवरून चुलतभावानं त्याला भर रस्त्यात तोडलं होतं. डॉक्टरांनी बाहेर थांबायला सांगूनही काका टेबलाशी उभे राहिले. कोर्टात मात्र कुणीच काही पाहिलं नव्हतं. चुलतभाऊ सुटला आणि समोरच्याच घरात म्हातारा झाला.

गेल्या वर्षी मासळीबाजारात एकानं बायकोला वल्ह्यानं मारलं. पहिल्याच फटक्यात तिचं डोकं फुटलं. काका मध्ये पडले, तर दुसऱ्या फटक्यानं त्यांचा हात मोडला. तिसरा फटका पुन्हा तिच्यावर बसला आणि ती तिथंच गेली. मी दहा पावलांवर, मासळीची पिशवी घेऊन उभी होते. मी घरी निघून आले.

काकांनी पोलिसांत जबाब दिला. चार दिवसांनी त्या माणसाचे दोन भाऊ दिवसाढवळ्या वाचनालयात शिरले आणि त्यांनी काकांना लाथांनी तुडवलं. बरगडी फुप्फुसात घुसली. मी दवाखान्यात गेले तेव्हा त्यांच्या ओठांशी रक्ताचा फेस होता. साक्ष दे, असं ते म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, “तू खंय उभी होतंस, ता माका ठावक आसा गो.”

पाचव्या दिवशी ते गेले. भावांना पोलिसांनी उचललं, पण बाजारातल्या त्या बाईबद्दल बोलायला आता कुणी उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेले.

कोर्टात आरोपीच्या वकिलांनी विचारलं, इतके दिवस गप्प का होतात? मी म्हटलं, भीती वाटत होती, अजून वाटते. आणि पहिल्या फटक्यापासून सांगायला लागले.