माटवीच्या वरचा लाइट

जेवणाच्या टेबलावर टांगायचा एक लाइट. गोष्ट एवढीच होती. पण त्या लाइटनं मला शिमग्यापासून चतुर्थीपर्यंत पिडलं, आणि त्यातला निम्मा छळ माझ्या सख्ख्या बापानं केला.

घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. आई गेल्यापासून मालवणातली नोकरी सांभाळून मी घर बघते. लाइटचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते बाबांच्या जेवणामुळे. सोमवार सोडला तर ज्या माणसानं आयुष्यभर माशाशिवाय भात गिळला नाही, त्यानं अचानक मासे सोडले. थंडीत एकदा पेडव्याचा काटा घशात अडकला. भाताचे गोळे झाले, केळं झालं, शेवटी डॉक्टर झाले. त्या दिवसापासून मासा ताटात वाढला की बाजूला सारायचा. "कंटाळो इलो गो," म्हणाले. मालवणात राहून माशांचा कंटाळा! सुरमई तळून दिली, तर ती पाहुण्यांसाठी ठेव म्हणाले. वरणभात आणि सोलकढीवर माणूस वाळत चालला. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल फिरायला लागली, तेव्हा मी मनातून घाबरले.

दोष उजेडाचा आहे, हे मीच ठरवून टाकलं. ट्यूब बाबांच्या पाठीमागच्या भिंतीवर. ते जेवायला वाकले की ताटात त्यांचीच सावली. पेडव्याचे केसाएवढे काटे त्यात दिसणार कसे? मोतीबिंदू काढून झाला होता, तरी माझा त्यांच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. "माका सगळा दिसता," ते म्हणायचे, आणि मी ऐकून सोडून द्यायचे. टेबलाच्या बरोबर वर, खाली लोंबणारा लाइट आला की बाबा मासे खाणार, असं माझं गणित होतं.

मग शोध सुरू. मोबाइलवर दिसणारे लाइट काय देखणे! पहिला मागवला तो लोखंडी टोपीचा. कुरियरवाला आमच्या वाडीत यायला तयार नाही, तिठ्यावरच्या दुकानात टाकून गेला. दुकानदारानंच बघून सांगितलं, की ह्याका खारो वारो लागलो काय गंजान चाळण होतली. परत पाठवला. दुसरा वेताचा. तो टांगायच्या आधीच एका पालीनं ताब्यात घेतला. शेवटी कुडाळला जाऊन पांढऱ्या काचेचा एक साधा घुमट आणला. त्यालाही दुकानात ‘झुंबर’ म्हणत होते. बाबांनी पिशवीत डोकावून "कंदील हाडलंस?" एवढंच विचारलं.

वायरमनची वाट बघण्यात माझ्या नाकी नऊ आले. "उद्या येतंय" हे त्याचं कायमचं उत्तर. कधी देवळात जत्रा, कधी कुणाच्या मोटारपंपाचं काम. आला तो नेमका मी आंघोळीला गेले असताना. बाहेर येऊन बघते तर शिडीवर वायरमन, खाली बाबा, मान वर करून.

"वर घे रे. आजून वर."

"बाबा, वर काय? टेबलापर्यंत खाली यायला हवा तो!"

"आणि चतुर्थेक माटवी खंय बांधूची? तुझ्या डोक्यार?"

कोकणात या प्रश्नापुढे कुणाचंच चालत नाही. आमचं जेवणाचं टेबल ठेवलंय ती जागा मुळात गणपतीची. स्लॅब घालताना बाबांनी तिथे वर चार कड्या सोडून घेतल्या होत्या. चतुर्थीला टेबल पडवीत जातं आणि त्या कड्यांना लाकडी चौकट आडवी टांगतात, तीच माटवी. तिला नारळ, काकडीच्या जातीची मोठाली तवशी, सुपारीचे घड, रानातली कवंडळं बांधायची आणि तिच्या खाली बाप्पा बसवायचा. पण चतुर्थी पाच दिवसांची! तीही भाद्रपदात! बाहेर अजून आंबे उतरत होते.

"तेव्हा वायर गुंडाळून वर बांधू," मी म्हटलं.

"काकानू, काय करू?" वायरमननं विचारलं. घर चालवते मी, लाइट आणला मी, आणि हा माणूस माझ्याकडे बघायलासुद्धा तयार नव्हता. बाबांनी बोट वर केलं. लाइट स्लॅबला जवळजवळ चिकटला. उरलेली वायर वायरमननं कापून खिशात घातली. पांढरा घुमट आकाशदिव्यासारखा उंच, आणि टेबलावर पूर्वीसारखाच अंधूक उजेड. मी हात टेकले. बाबा वरणभात कालवत राहिले.

पुढचे सगळे महिने आमचं याच एका विषयावर भांडण. मी लाइट म्हणायचे, ते माटवी म्हणायचे. इतका हट्टी माणूस मी दुसरा बघितलेला नाही.

चतुर्थी आली. मुंबईहून भाऊ-वहिनी आली, माटवी बांधली, बाप्पा बसला, आरतीला भावानं मोठ्या हौसेनं नवा लाइट लावला. सगळा उजेड माटवीच्या वर! नारळांच्या शेंड्या लखलखल्या, आणि बाप्पाच्या तोंडावर भोपळ्याएवढ्या तवशाची सावली. वहिनीला हसू आवरेना. मी बाबांकडे बघितलं. "वायरमनान चुकीचो लावल्यान," ते शांतपणे म्हणाले.

विसर्जन झालं, माटवी उतरली, टेबल जागेवर आलं. आता पुढच्या चतुर्थीला वर्ष होतं, त्यामुळे बाबांचं तोंड बंद. मी वायरमनला अक्षरशः पकडून आणलं, नवीन वायर घालून घेतली आणि लाइट टेबलाच्या वर हातभर अंतरापर्यंत खाली आणला. बाबा उठून बाहेर खळ्यात जाऊन बसले. मला जिंकल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी बंदरावरून ताजे पेडवे आणले, आईसारखं तिरफळ घालून तिखलं केलं, बाबांना ताटावर बसवलं आणि बटण दाबलं. काय उजेड पडला! ताटातलं मीठसुद्धा दाणा दाणा दिसत होतं. बाबांचे हात मात्र मांडीवर.

"जेवा," मी म्हटलं. "आता तरी?"

त्यांनी उजवा हात वर काढला. बोटं ताटाशी नेली. पेडव्याला धरायला गेली आणि धरता येईना. बोटं थरथरत होती. थांबवायला गेले तशी जास्तच थरथरली, आणि त्या पांढऱ्या उजेडात लपायला कुठे जागा नव्हती.

चहा कपाऐवजी पेल्यातून का, पेपर टेबलावर पसरून का, माझ्याआधीच जेवून घ्यायची घाई का, सगळं एकदम कळलं. डोळे चांगले होते. माटवीचंही काही नव्हतं.

"बघलंस मा?" बाबा म्हणाले. "म्हणान सांगत होतंय, वर ठेव."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. "इतके म्हयने माटवीच्या नावान भांडलात माझ्यावांगडा," मी ओरडले, "आणि ह्या सांगूक काय झाला होता?"

त्यांनी हात परत मांडीवर ठेवला. मी त्यांचं ताट माझ्याकडे ओढलं आणि काटे काढायला लागले. भरल्या डोळ्यांनी पेडवे निवडणं काही सोपं नाही. मांस भाताशी कालवून ताट पुढे सरकवलं, हातात चमचा दिला. बाबांनी लगेच घास घेतला नाही. वाकून ताट नीट न्याहाळलं, मग ती थरथरती करंगळी भाताच्या कडेला टेकवली.

"हयसर एक काटो रवलो," ते म्हणाले. "आणि हो दुसरो. एवढो उजेड केलंस तो कित्याक मगे?"