तलावावरचे हवालदार

"आदी बूड टेका, भाऊसाहेब. पाखरं कुटं पळत न्हाईत," असं म्हणत हवालदार स्वतः बांधावर मांडी ठोकून बसायचे.

दुष्काळ सरून तलाव पुन्हा भरला, त्या साली मी म्हसवडला पाटबंधारे खात्यात कारकून होतो. हवालदार पलटणीतून निवृत्त होऊन आमच्याकडे तलावाचे राखणदार म्हणून लागले होते. कचेरी उघडण्याआधी पाखरं बघायला आम्हाला जेमतेम तासभर मिळे. त्या तासाची त्यांची शिस्त होती. पहिली पंधरा मिनिटं नुसतं ऐकायचं. मग एकच थवा निवडायचा आणि उठेपर्यंत तोच बघायचा. मी मान इकडेतिकडे वळवली की म्हणायचे, "जत्रंला आलाय व्हय? एकच बघा, पन पुरतं बघा."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या शेजारी बसलं की आपला आवाज आपोआप खाली येतो.

पौषातल्या एका सकाळी जीपमधून दोघे जण उतरले. बार झाला. थवा उठला आणि एक चक्रवाक पंख मोडून काठावर फडफडत राहिला.

हवालदार चालत गेले. "मारलंय तर नीट मारा. तडफडाय का सोडलंय?"

बंदूकवाला हसला. त्याने बुटाने पाखरू उलटं केलं आणि मोडक्या पंखावर पाय दिला.

हवालदारांनी त्याला ढकलून आधी पाखराची मान पिरगळली, त्याला तडफडीतून सोडवलं. मग त्या माणसाची गचांडी धरून त्याला गुडघाभर पाण्यात ओढलं आणि डोकं खाली दाबलं. सोबत्याने पडलेली बंदूक उचलून दस्त्याचा घाव त्यांच्या कानशिलावर घातला. कातडी फाटली, रक्त पाण्यात ठिबकू लागलं, पण पकड सुटेना. बुडबुडे येत होते, ते कमी झाले. मी ओरडलो, ओढलं, शेवटी हवालदारांच्या मनगटाला कडकडून चावलो. तेव्हा कुठे बोटं उघडली.

तो माणूस चिखलपाणी ओकला, जगला. जीप निघून गेली. तक्रार कुणीच केली नाही.

चार दिवस हवालदार तलावावर फिरकले नाहीत, म्हणून मी त्यांच्या खोलीवर गेलो. डोक्याला पट्टी बांधून ते भिंतीला टेकून बसले होते.

"चला की," मी म्हणालो. "त्याला अद्दल घडली. तुमचं काय चुकलं?"

"चुकलं म्हनत न्हाई मी." त्यांनी मनगटावरच्या माझ्या दातांच्या खुणेवरून अंगठा फिरवला. "लढाईत मानसं मारली, तवा भ्या वाटलं हुतं. परवा त्याला बुडवताना भ्या न्हाई वाटलं. लय बरं वाटलं, भाऊसाहेब."

मी एकटाच परतलो.

महिन्याभरात नोकरी सोडून ते माधवनगरला लेकीकडे निघाले. एस्टी सुटताना मी खिडकीतून हात आत घातला. त्यांनी हातात हात दिला नाही. दोन्ही मुठी काखेत घट्ट दाबून ते समोरच्या बाकाकडे बघत राहिले.