सुमतीताईंचा नकाशा

सुमतीताईंच्या पर्समध्ये कायम सहा इंची पोलादी पट्टी असायची. जामबागेत आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो, त्या दिवशी त्यांनी आमच्या दाराची चौकट मोजली आणि म्हणाल्या, "कपाट आडवं घ्या, अर्ध्या इंचानं जाईल." गेलं.

एका कारखान्यात त्या ट्रेसर होत्या. इंजिनियरांचे पेन्सिलीचे नकाशे शाईनं गिरवायचे, हे काम. एकोणीसशे नव्वदनंतर तिथे कॉम्प्युटर आले आणि ताईंना मुदतीआधीच घरी बसवलं. त्यांनी परसात लोखंडी पाइप रोवून त्यावर परात बसवली. पाखरं उजाडता उजाडता येतात म्हणून तीत संध्याकाळीच ज्वारी नि पेरूच्या फोडी ठेवायच्या.

मग उदमांजर यायला लागलं. सकाळी परात रिकामी आणि बुलबुल कुंपणावर ताटकळलेले.

मागच्या घरातले मल्लेशम म्हणाले, "अम्मा, केले में दवा डाल देतूं. दो दिन में खतम."

"आठ दिन रुको, भैया," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आधी माप, मग मत."

त्यांनी जमिनीवर आणि भिंतीवर रांगोळी पसरली. सकाळी पंजे उमटले ते फक्त भिंतीवर, परातीवर झुकलेल्या पेरूच्या फांदीपर्यंत. "ते चढत नाही, उडी मारतं," म्हणून ताईंनी पाइप फांदीपासून लांब, परसाच्या मधोमध नेला. तर ते पाइपवरून चढलं. सहावा दिवस होता. मी म्हटलं, "ताई, नाद सोडा." त्यांनी ड्रॉइंग बोर्ड काढला.

पाइपभोवती बसवायच्या पत्र्याच्या उपड्या नरसाळ्याचा नकाशा घेऊन आम्ही अफझलगंजला गेलो. पत्रेवाला हसला. "इत्ता नक्शा कायकू, अम्मा? हात से बता देते."

"हात का माप घर जाते तक बदल जाता, भाई."

आठव्या सकाळी ज्वारी जागच्या जागी होती. रांगोळीत पाइपभोवती तीन फेऱ्या आणि परतीची वाट. मल्लेशमनी वाकून ते ठसे बघितले. "दवा फेंक देतूं, अम्मा," म्हणाले.

पुढे ताई भाच्याकडे नाशिकला गेल्या. जाताना तो नकाशा मला दिला. खालच्या कोपऱ्यात, नकाशा करणाऱ्याच्या नावाच्या चौकटीत, सुबक अक्षरांत लिहिलं होतं: सुमती देशपांडे.

मी नावाकडे बघतेय हे पाहून त्या म्हणाल्या, "सव्वीस वर्षं त्या चौकटीत दुसऱ्यांची नावं लिहिली. हा नकाशा माझा आहे."