बाईंनी चाक निवडलं तेव्हा

"हात बघू."

बाई समोर आल्या की पहिलं वाक्य हेच. नमस्कार नाही, गुड मॉर्निंग नाही. आणि तुम्ही हात पुढे करायच्या आत त्यांनी तो धरलेलाही असायचा. अंगठा दाबून बघायच्या, बोटं एकेक करून मागे वाकवायच्या, मनगट गोल फिरवायच्या आणि मग तुमचा हात तुम्हाला परत करायच्या. हॉस्पिटलात नव्याने आलेल्या माणसाला वाटायचं, बाई भविष्य सांगतात. एका इजिप्शियन डॉक्टरने तर विचारलंही होतं, "माझं प्रमोशन कधी?"

"ते मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या, "पण पेन एवढं घट्ट धरू नका. अंगठा दुखायला लागेल."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी रत्नागिरीहून बहारीनला येऊन एका हॉस्पिटलच्या खरेदी विभागात क्लार्क म्हणून लागलो होतो. बाई वसईच्या. तळमजल्यावरचा फिजिओथेरपी विभाग त्यांचा, म्हणजे दोन खोल्या, चार खाटा आणि भिंतीला ठोकलेल्या दोऱ्या-कप्प्या. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने लहानखुऱ्या, पांढरा कोट गुडघ्याच्या खाली येणारा. माणसांना त्या नावाने हाक मारत नसत, खात्याने मारत. मी 'परचेस'. एक्स-रेवाला 'फोटो'. किचनमधला गोवेकर 'सूप'. कुणाला राग येत नसे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, त्यांनी काहीही म्हटलं तरी ते मायेनेच म्हटल्यासारखं वाटतं.

एका उन्हाळ्यात तुबलीच्या एका वर्कशॉपमधला टर्नर आमच्याकडे आला. श्रीवर्धनच्या बाजूचा, चाळिशीचा माणूस. वर्कशॉपात त्याला उस्ताद म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. लेथवर वीस वर्षं काढलेल्या त्या माणसाचा उजवा हात मशीनमध्ये सापडला होता. ऑपरेशन नीट झालं, हाडं जुळली, पण बोटं मिटेनात. मेडिकल बोर्डाने तीन महिने दिले होते. तेवढ्यात हात चालला तर काम, नाही तर व्हिसा रद्द आणि घरी.

बाईंनी त्याला दाबायला रबरी चेंडू दिला. दुसऱ्या दिवशी चेंडू खिडकीत पडलेला आणि उस्ताद भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"का नाही दाबलात?"

"सिस्टर, मी काय पोर आहे चेंडू खेळायला? या हाताने मी लाँचचे शाफ्ट बनवलेत."

बाईंनी चेंडू उचलून कोटाच्या खिशात टाकला.  दोन दिवसांनी त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"परचेस, एक कुंभाराचं चाक घ्यायचंय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कशाचं चाक?"

"कुंभाराचं. मडकी करतात ते. चेंडू दाबताना माणूस मोजत बसतो, शंभर झाले का, दोनशे झाले का. माती दाबताना कुणी मोजत नाही."

मुंबईला शिकत असताना एका इस्पितळात त्यांनी असं चाक पाहिलं होतं, तेव्हापासून ते त्यांच्या डोक्यात होतं. मी कॅटलॉगं काढली. त्यातल्या एका इंग्लिश कॅटलॉगात विजेवर चालणारं चाक निघालं. हिरवा चकचकीत रंग, बसायला सीट, पायाशी पेडल. बाई त्याच्या प्रेमातच पडल्या. ते पान फाडून त्यांनी कोटाच्या खिशात ठेवलं आणि दिसेल त्याला दाखवत सुटल्या. पण बोटीने यायला पाच महिने लागणार होते. उस्तादच्या हातात तीनच होते, त्यातलेही तीन आठवडे गेलेले.

"मग जुनं बघू," बाई म्हणाल्या.

जुनं कुठे मिळणार? पण बाईंचं नशीब बघा. त्याच आठवड्यात कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, फळ्यावर एक चिठ्ठी लागली. तेल कंपनीच्या अवाली वसाहतीत राहणारी एक इंग्लिश बाई मायदेशी परत निघाली होती आणि सामान विकत होती. सोफा, पाळणा, कुंभाराचं चाक.

"शुक्रवारी सुट्टी, तेव्हा जाऊ. पण बघणार कोण? मला चाकातलं थोडं कळतं, तुला काहीच कळत नाही."

"मग?"

"उस्तादला घेऊन जाऊ. चाक म्हणजे शेवटी उभं केलेलं लेथच."

उस्ताद यायला तयार नव्हता. "माझा काय उपयोग?" म्हणत होता. बाईंनी ऐकून घेतलं नाही. शुक्रवारी आम्ही तिघं एका ओळखीच्याच्या डॅटसन पिकपमध्ये दाटीवाटीने बसून निघालो. गाडी मी चालवत होतो, बाई मधे. गिअर बदलताना त्यांचा गुडघा आड यायचा आणि प्रत्येक वेळी त्या मला म्हणायच्या, "मनगटातून बदल, खांद्यातून नको."

अवालीतल्या बंगल्याच्या व्हरांड्यात चाक ठेवलं होतं, अगदी कॅटलॉगातल्यासारखं, फक्त निळं. बाईंनी खिशातलं पान काढून शेजारी धरलं आणि मान डोलावली. इंग्लिश बाईने बटण दाबलं. चाक सुरेख फिरू लागलं.

"घेऊन टाकू," बाई माझ्या कानात म्हणाल्या.

"थांबा," उस्ताद म्हणाला.

सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला होता. त्याने एक स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला, टोक बेअरिंगच्या डब्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग खडू मागितला. घरात लहान मूल होतं, त्यामुळे तोही मिळाला. फिरत्या चाकाच्या कडेजवळ त्याने खडू हळूहळू नेला. चाक थांबवलं तेव्हा खडूची रेघ पूर्ण गोल उठली नव्हती, एकाच बाजूला उठली होती.

"शाफ्ट वाकलाय. कधीतरी पडलंय हे चाक."

इंग्लिश बाईचा चेहरा लाल झाला. घर बदलताना ते ट्रकमधून पडलं होतं, तिने लगेच कबूल केलं. "तरीच माझी सगळी भांडी तिरकी होत होती! मला वाटायचं, मीच वाईट आहे." तिला इतका आनंद झाला की तिने आम्हाला चहा पाजला.

चहा घेताना मी उस्तादकडे बघत होतो. खडू अजून त्याच्या उजव्या हातात होता. तीन बोटांच्या चिमटीत. माझ्याकडून काहीतरी उद्गार निघणार, एवढ्यात बाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. असा दिला की संध्याकाळपर्यंत मी लंगडत होतो.

परतताना बाई म्हणाल्या, "आता आली."

"कोण आली?" मी विचारलं.

"आली गाव रे! कुंभारांचं."

जुन्या थडग्यांच्या टेकाडांमधलं ते गाव, भट्ट्यांचा धूर लांबूनच दिसतो. तिथे कसं जायचं, कुठे वळायचं, सगळं बाईंना माहीत. म्हणजे त्या आधीच चौकशी करून आल्या होत्या. पुढे कित्येक वर्षं आमच्या घरी कुणी "कोण आली?" असं विचारलं की बायको म्हणायची, "कुंभारांचं गाव."

तिथला म्हातारा कुंभार, सगळे त्याला हज्जी म्हणत. मुंबईच्या व्यापाऱ्यांमुळे त्याला मोडकं हिंदी येत होतं. बाईंनी त्याला हिरव्या चाकाचं पान दाखवलं. त्याने ते लांब धरून पाहिलं.

"ये बहुत भागता है," तो म्हणाला. "बीमार हाथ इसके पीछे कैसे भागेगा?" मग त्याने स्वतःचा पाय दाखवला. पायाने फिरवायचं चाक माणसाला हवं तेवढंच पळतं, हवं तेव्हा थांबतं.

त्याच्याकडे दोन होती. एक नवं, सुताराकडून नुकतंच आलेलं, कोरं पिवळं लाकूड. दुसरं त्याच्या वारलेल्या भावाचं, वर्षभर कोपऱ्यात पडलेलं, काळपट, मातीने माखलेलं. बाईंचे डोळे नव्यावर. स्वच्छ वस्तू पाहिली की हॉस्पिटलातल्या माणसाला राहवत नाही.

उस्ताद मात्र सरळ जमिनीवर आडवा झाला आणि जुन्या चाकाखाली डोकं घातलं. कपड्यांचा विचार नाही, सुट्टीच्या दिवसाचा विचार नाही. बराच वेळ आम्हाला फक्त त्याचे पाय दिसत होते.

"नव्याचं लाकूड ओलं आहे, सिस्टर," खालून आवाज आला. "एक उन्हाळा गेला की वाकेल. जुनं जेवढं वाकायचं तेवढं वाकून बसलंय. फक्त बुश झिजलंय, शाफ्ट ज्यात फिरतो ते कडं. नवं बुश घातलं की काही बघायला नको."

"पण बुश कोण करणार?"

"मी करीन की."

 मग तो बाहेर आला, उठून बसला, उजव्या हाताकडे पाहत राहिला. बाई भट्टीकडे बघत राहिल्या, जणू काही ऐकलंच नाही.

हज्जीला भावाचं चाक द्यायचं जिवावर आलं होतं. कोण बसणार त्याच्यावर, ते बघू दे, म्हणाला. त्याने उस्तादला बसवलं आणि मातीचा गोळा दिला. उस्तादने पायाने चाकाला गती दिली, लेथवाल्याच्या ऐटीत दोन्ही हात मातीला लावले आणि पुढच्याच क्षणाला गोळा उडून माझ्या इस्त्रीच्या शर्टवर येऊन बसला. हज्जी इतका हसला की त्याला खोकला आला. बाई हसल्या. आणि उस्ताद हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याचं हसणं असं असेल याची मला कल्पना नव्हती. अगदी लहान, किनरं हसणं.

"ले जाओ," हज्जी डोळे पुसत म्हणाला. "मेरा भाई भी पहले दिन ऐसा ही किया था."

पुढचा अडथळा माझा. ॲडमिनिस्ट्रेटर साहेबांना कागद हवा होता, छापील नाव असलेला, सही असलेला. हज्जीला लिहिता येत नव्हतं. मी कोटेशन टाइप करून नेलं. त्याने शाईचा डबा बाजूला सारला आणि ओल्या मातीत अंगठा बुडवून कागदावर उठवला. साहेबांनी तो कागद बराच वेळ पाहिला, नखाने माती खरवडून पाहिली आणि मग त्यावर सही केली. माझ्या सगळ्या नोकरीत फाइल टेबलावर झाडावी लागली ती एवढीच.

बुश करायला उस्तादला चार दिवस लागले. एरवी तासाभराचं काम. वर्कशॉपच्या मालकाने लेथ दिलं, एक सहकारी शेजारी उभा राहिला, पण हात कुणाला लावू दिला नाही म्हणे. पाचव्या दिवशी तो तेलकट फडक्यात गुंडाळलेलं पितळी बुश घेऊन आला आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं.

बाईंनी ते उचललंच नाही. म्हणाल्या, "हात बघू."

त्यानंतर फिजिओथेरपीच्या खोलीची रयाच गेली. जमिनीवर पाणी, नळात माती, खाटांवर बोटांचे ठसे. मेट्रनने तक्रार केली. बाईंनी तिलाच चाकावर बसवलं. तक्रार मागे घेतली गेली. उस्ताद सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा. त्याचे पहिले वाडगे एका बाजूला कलंडलेले असत, तेव्हा मी म्हणायचो, "उस्ताद, शाफ्ट वाकलाय." तो मातीचा गोळा उगारायचा.

बोर्डाच्या दिवशी आम्ही दोघं दाराबाहेर उभे होतो. बाईंच्या ओठांवर प्रार्थना, माझ्याही. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "माझा हात दाबा. जोरात."  आणि मग तोच आवाज ओरडला, "खलास! खलास! पुरे, सोडा!"

करंगळी शेवटपर्यंत वाकडी राहिली. पण उस्ताद लेथवर परत गेला, आणि पुढे पाच-सहा वर्षं दर शुक्रवारी चाकाला तेल घालायला येत राहिला. त्या चाकावर किती माणसं बसली असतील, सांगता येणार नाही. अर्धांगवायू झालेली मुहर्रकची एक आजी होती, ती बाईंना शिव्या देत देत वाडगे करायची आणि एक तयार झाला की त्यांचा मुका घ्यायची.

ऐंशीचं दशक अर्धं झालं आणि बाई निवृत्त होऊन वसईला परत निघाल्या. उस्ताद आणि मी विमानतळावर पोचवायला गेलो. त्यांची बॅग इतकी जड होती की आम्हाला दोघांना आळीपाळीने उचलावी लागली. कस्टमच्या तरुण अधिकाऱ्याने ती उघडायला लावली. वर दोन साड्या, चार फ्रॉक, आणि त्यांच्या घड्यांत गुंडाळलेली भांडी. वाडगे, पेले, बश्या. एकही सरळ नाही.

"हे काय?" त्याने विचारलं.

बाईंनी एकेक सोडवून काउंटरवर मांडायला सुरुवात केली. "हे मुहर्रकच्या आजीचं. हे सित्र्याच्या कोळ्याचं, त्याला तीनच बोटं होती. हे मेट्रनचं, हे सगळ्यात वाईट." मागे रांग वाढत होती. कुणीतरी "यल्ला, यल्ला, चला लवकर" करू लागलं. अधिकाऱ्याने त्याला हातानेच गप्प केलं आणि पुढचं भांडं स्वतः उचलून बाईंकडे पाहिलं. "आणि हे?"

सगळी सांगून होईपर्यंत विमानाची घोषणा झाली. आम्ही चौघांनी, त्या अधिकाऱ्यासकट, भांडी पुन्हा कपड्यांत गुंडाळली. शेवटचा एक कलंडलेला वाडगा बाईंनी त्याच्या हातावर ठेवला.

"हा तुला. यात पाणी घालू नकोस, गळतो. किल्ल्या ठेव."

आणि त्या पलीकडे गेल्या, झपझप, जड बॅगेच्या बाजूला झुकून. अधिकारी ओंजळीत तो वाडगा धरून त्यांच्याकडे बघत उभा होता, आणि पुढचा प्रवासी पासपोर्ट पुढे करून थांबला होता.