वीतभर लांबून दिलेला खो

खो मॅडमना खुर्चीत नीट टेकून बसलेलं आमच्या शाळेत कुणी पाहिलं नव्हतं. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे ऐसपैस, आणि या बाई दाराशी चवड्यांवर, एक हात जमिनीला टेकवून. मुख्याध्यापकांची मीटिंग असो की चहा, बसणं तेच, खो-खोच्या ओळीतलं. अंगावर साडी, पायात कॅनव्हासचे बूट. निवृत्तीला आल्या होत्या, उठताना गुडघे कडाकडा वाजायचे. शिपाई म्हणायचा, "मॅडम, तेल घाला थोडं." उत्तर ठरलेलं: "वाजू दे. उठतात न?" खो-खो शिकवायच्या म्हणून खो मॅडम; त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण कुणाच्या तोंडात नव्हतं.

आमची शाळा आर्वीच्या बाजूला, एका गावात. मी रोज नालवाडीहून स्कूटीनं येते, गणित शिकवते आणि कंबर धरून घरी जाते. खेळाशी माझं लहानपणापासून वाकडं. मॅडम आम्हाला विषयानं हाक मारत. भूगोलाचे सर म्हणजे 'भूगोल', मी 'गणित'. "काऊन वो गणित, तोंड काऊन उतरलं? चाल, मैदानावर हवा खाऊ." मी कधी गेले नाही. वह्या तपासायच्या असायच्या, आणि खरं सांगायचं तर कंटाळा यायचा.

खो-खोत एक मुलगी समोरच्या टीमचा पाठलाग करते आणि तिच्या आठ जणी ओळीत बसलेल्या असतात. पाठलाग करणारीनं मागून पाठीवर थाप देऊन 'खो' म्हटलं, की बसलेलीनं उठून पळायचं आणि थाप देणारीनं तिच्या जागेवर बसायचं. एवढाच तो खेळ. बघणारे पळणारीकडे बघतात. मॅडमचं लक्ष बसलेल्यांकडे. "पळनारी त पळतेच, तिचं काय! खेळ बसलेलीचा असते. बसून राह्यनं म्हंजे झोपून राह्यनं नाई, पोरीहो! खो कवा येईन, काही सांगता येते का?" हे वाक्य मी वर्गाच्या खिडकीतून इतक्यांदा ऐकलंय, की बेरीज शिकवताना मध्येच माझ्या तोंडून निघायचं.

मग कोरोना आला आणि शाळेला कुलूप लागलं. माझं गणित मोबाइलवर गेलं. अर्ध्या पोरांकडे मोबाइल नाही, उरलेल्यांकडे रेंज नाही. भिंतीशी बोलल्यासारखी मी बोलायचे. खेळाच्या शिक्षकांनी व्यायामाचे व्हिडिओ पाठवावेत, असं वरून आलं. मॅडम भडकल्या. "खो का मोबाइलवर देऊ?" त्यांच्या टीममधल्या मुली तेव्हा नववीत होत्या. स्पर्धा बंद, पुढचं वर्ष दहावीचं, त्यानंतर शाळाच संपणार. एकही खरी मॅच न खेळता या पोरी जाणार, हा घोर त्या बाईंना लागला.

वैष्णवी त्या टीमची कॅप्टन. तिचे वडील घरचीच शेती करायचे, माणूस वाईट नाही. पण त्यांचं म्हणणं सरळ होतं. "शाळा बंद, खेळ बंद. पोरगी घरी काय करून राह्यली? वेचाले नेतो कापूस." मॅडम त्यांच्या अंगणात चवड्यांवर बसल्या. "न्या न. पन पाच वाजता मले मैदानावर पाह्यजे. दहावी संपाच्या आंधी हिले एक मॅच खेळवीन. मंग तुमी हाय अन् तुमची पोरगी हाय." मॅडमना नाही म्हणणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, हे गावाला माहीत होतं.

निर्बंध जरा सैल झाले तसा मैदानावर सराव सुरू झाला, आणि लगेच गावच्या कोरोना समितीची माणसं आली. तेही बिचारे जीव मुठीत धरून होते. "मॅडम, लग्नाले मोजके माणसं, मयतीले मोजके माणसं, अन् तुमच्या पोरी एकमेकीच्या पाठीले हात लावून राह्यल्या!" यात खोटं काय होतं? मॅडम बराच वेळ मातीत बोटानं रेघा मारत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. हात नाई लावत."

दुसऱ्या दिवसापासून तसाच खो-खो सुरू झाला. पळत यायचं, हात पुढे करायचा आणि पाठीच्या वीतभर अलीकडे थांबवायचा. तोंडानं 'खो' म्हणायचं, तेही मास्कमधून. हात लागलाच, तर लावणारीनं हापशीवर जायचं. तिथं जुन्या मोज्यात साबण घालून टांगलेला असायचा. हात धुवायचे आणि त्या दिवशी बाहेर बसायचं. मॅडम यात कुणाची गय करत नसत. वैष्णवीला तर चारदा बाहेर बसवलं, रडली तरी. "रड. पन तुया हातानं कोनाच्या घरी बिमारी गेली, त मैदान बंद होईन. मंग समद्याच रडान."

मध्येच दुसरी लाट आली. काय दिवस होते ते! गावात रोज कुणाचं ना कुणाचं कानावर यायचं. सराव थांबला. मॅडम एकट्याच संध्याकाळी मैदानावर जाऊन गाजरगवत उपटायच्या. मी फोनवर म्हटलं, "मॅडम, आता पुरे करा हो. कोण खेळणार आहे?" त्या म्हणाल्या, "गणित, मी बी थकली वो. पन गवत थकते का?" लाट ओसरल्यावर पोरी परत आल्या, आणि परत तोच वीतभर लांबचा खो.

दहावीची परीक्षा तोंडावर आली, तेव्हा कुठे आर्वीच्या एका शाळेनं मैत्रीपूर्ण सामन्याला होकार दिला. आता हात लावायला हरकत नव्हती. मॅडमनी आठवडाभर घासून घेतलं, "थाप द्या! जोरानं द्या!" पोरी देत होत्या. एसटीचा संप चालू होता, म्हणून काळीपिवळी जीपमध्ये कोंबून गेलो. सोबत मलाही ओढलं. वैष्णवीचे वडील मोटारसायकलनं मागून आले, तोंडाला दुपट्टा बांधून.

आमच्या पोरी वाऱ्यासारख्या पळाल्या, खोटं नाही सांगत. पण मॅच खरी होती, आणि हात जुनंच करत होते. वैष्णवी समोरच्या मुलीला अगदी कोंडीत धरायची, बसलेलीच्या मागे यायची, हात पुढे करायची, 'खो' ओरडायची, आणि हात वीतभर अलीकडेच थांबायचा. पंचांची शिट्टी! हात न लावता दिलेला खो म्हणजे फाउल. तावडीत आलेली पळून जायची. एकदा झालं, दोनदा झालं, मग सगळ्याच जणींचं होऊ लागलं. मला खेळातलं काही कळत नाही, पण ते बघताना माझा जीव तुटत होता. आम्ही हरलो.

वैष्णवी मॅडमसमोर उभी राहून हुंदके देत होती. "मॅडम, हात जातच नवता हो."

मॅडम रागावल्या नाहीत. "मीच शिकवलं न, माय. लय चांगलं शिकल्या माया पोरी." त्यांनी सगळ्यांना परत ओळीत बसवलं आणि एकेकीच्या मागून जात प्रत्येकीच्या पाठीवर तळवा ठेवला, थाप न मारता, नुसता ठेवला. दोन वर्षांत त्या पोरींना त्यांनी बोटही लावलं नव्हतं. वैष्णवीचे वडील दोरीपलीकडे उभे होते. मला म्हणाले, "हारली त हारली. पन पळते मात्र!" वैष्णवी अकरावीला आर्वीला गेली. सगळ्या गेल्या म्हणाल, तर नाही. दोघींची लग्नं त्याच उन्हाळ्यात झाली.

मॅडम सत्र संपताना निवृत्त झाल्या. शाल, नारळ, मुख्याध्यापकांचं भाषण, सगळं घाईघाईत आटोपलं. त्यानंतर मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते. मागून बुटांचा आवाज आला, गुडघे वाजले, आणि पाठीवर चांगली सणसणीत थाप पडली.

"खो!"

मी दचकून उठले. मॅडम शांतपणे माझ्या खुर्चीत बसल्या. पाठ टेकली, पाय लांब केले, डोळे मिटले. त्यांना तसं बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला रडू आलं. "मॅडम, मला नाही हो येत खेळ," मी म्हटलं.

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "मंग काऊन उठली?"

त्यांच्या जागी अजून कुणाची नेमणूक झालेली नाही. पाच वाजले की मी वह्या मिटते आणि कंबर धरत मैदानावर जाते.