वरच्याला वेगळी बॅटरी

जुन्या जालन्यातल्या त्या रेडिओ दुरुस्तीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या कामगार संघटनेच्या छपाईयंत्रासाठी तीनशे व्होल्टचे चोवीस करणारा पॉवर सप्लाय मी स्वतः बनवला होता. त्यात दोन ट्रान्झिस्टर जळाले. तिसरा शेवटचा होता, आणि दुसऱ्या दिवशीच्या परतूरच्या सभेची पत्रकं छापायची होती, म्हणून तो सप्लाय मी त्याच्या दुकानात नेला.

एक हात खिशात ठेवून तो दुसऱ्या हातानं मीटर लावत होता. दोन्ही हात घातले तर झटका छातीतून जातो, म्हणाला. मग हसला.

“भाऊ, हा ट्रान्झिस्टर वर, तीनशे व्होल्टच्या बाजूला बसलाय. तुम्ही त्याला उघड-बंदचा हुकूम जमिनीवरून, म्हंजे शून्य व्होल्टवरून देऊन राह्यले. तो पुरा पोचत न्हाई, मंग हा अर्धाच उघडतो अन् तापून मरतो.”

“मग काय करायचं?”

“त्याला वेगळी बॅटरी द्या. बिलकुल अलग.”

“वरच्याला वेगळी सोय? हे आमच्या तत्त्वात बसत नाही.”

“बराबर,” तो म्हणाला. “मंग पत्रकं हातानं लिहा.”

मी वरच्याला वेगळी बॅटरी जोडली. संध्याकाळी छपाईयंत्र सुरू झालं. पत्रकावर ‘साहेबांच्या खास सवलती बंद करा’ ही ओळ फारच ठळक उठली.